बिऱ्हाड लाटेवर

‘सोडून द्यावं यार सगळं आणि निघून जावं कुठंतरी समुद्रकिनारी...’

हे वाक्य तुमच्या ऑफिसात आठवड्यातून किती वेळा ऐकू येतं? आमच्याकडे त्याचा सीझन असतो. अप्रायझलचं पत्र हातात पडलं की एकदा, सलग तीन वीकएन्ड रिलीजमध्ये गेले की एकदा, आणि कुणी गोव्याहून काळंभोर होऊन परत आलं की हमखास. मग कॉफी मशिनपाशी प्लॅनिंग सुरू होतं. एक छोटा शॅक टाकायचा, सकाळी समुद्रात डुंबायचं, संध्याकाळी गिटार, लॅपटॉपचं तोंड बघायचं नाही. प्लॅन एकदम सॉलिड असतो. एवढ्यात कुणीतरी हळूच विचारतं, ‘आणि मुलांच्या शाळेचं काय?’ झालं! सगळे आपापला कप विसळून जागेवर परत.

तर बॉस, आजची गोष्ट अशा माणसाची, ज्याला हा प्रश्न पुरता ठाऊक होता आणि तरीही तो निघाला. एकटा नाही, बायको आणि नऊ पोरांना घेऊन! आठ मुलगे, एक मुलगी. एक गाडी. आणि शाळेचं काय, यावर त्याचं उत्तर सरळ होतं. पोरांना शाळेत घालायचंच नाही.

कशासाठी? सर्फिंगसाठी.

कोण हा बाबा?

डोरियन पास्कोविट्झ. सर्फिंगच्या दुनियेत नुसतं ‘डॉक’ म्हटलं तरी कळतं. जन्म १९२१ चा, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनचा. घरचे ज्यू. पोरगा शाळकरी असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आलं आणि तिथं त्याला लाटांचं वेड लागलं. पण लगेच काही तो वाया वगैरे गेला नाही हं! उलट टिपिकल हुशार मुलाचा रस्ता धरला. थेट स्टॅनफर्ड. १९४६ साली तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडला. मग हवाईमध्ये प्रॅक्टिस. डिग्री, पैसा, मान, वर हवाईचा समुद्र. आपल्याकडच्या लग्नाच्या बाजारात असं स्थळ दोन मिनिटं टिकलं नसतं.

आणि आतून हा माणूस पार पोखरलेला. दोन लग्नं मोडली. बाहेरून यशस्वी दिसत असताना आपण आतून खोटे आहोत असं वाटायचं, घाबरायला व्हायचं, हे त्यानं पुढं स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलं आहे. १९५६ साली तो सगळं टाकून इस्रायलला गेला. तिथल्या सैन्यात भरती व्हायचं होतं, पण त्यांनी काही घेतलं नाही. मग गड्यानं तेल अवीवच्या समुद्रात आपला बोर्ड टाकला. किनाऱ्यावरचे जीवरक्षक बघत राहिले, मग शिकले. इस्रायलमधल्या सर्फिंगची सुरुवात आजही तिथून सांगितली जाते.

तिथून तो परतला तो ठरवूनच. पुन्हा ते आयुष्य नाही!

अमेरिकेत आल्यावर त्याला ज्युलिएट भेटली. मेक्सिकन वंशाची, ऑपेरा गाणारी. तिसरं लग्न. आणि मग सुरू झाली पोरांची रांग. डेव्हिड, जोनाथन, एब्रहॅम, इस्रायल, मोझेस, ॲडम, साल्वाडोर, नावा, जोशुआ. यातली नावा तेवढी मुलगी. एवढी मुलं कशाला, तर त्यामागंही डॉकचा फंडा होता. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी साठ लाख ज्यू मारले. त्या संहाराचं शल्य त्याच्या मनातून जाईना. जन्माला येणारं प्रत्येक ज्यू मूल हे त्याला त्याचं उत्तर वाटायचं. आता उत्तर बापाचं असलं तरी नऊ बाळंतपणं ज्युलिएटची होती. सलग कित्येक वर्षं ती बाई एकतर गरोदर होती, नाहीतर कडेवर तान्हं होतं.

चोवीस फुटांत अकरा माणसं

घर म्हणजे कॅम्पर. झोपायची-स्वैपाकाची सोय असलेली मोठी गाडी. लांबी २४ फूट. रस्त्यावरची गाडी म्हटल्यावर रुंदी काही आठ फुटांपलीकडं जात नाही. म्हणजे सगळं मिळून दोनशे चौरस फुटांच्या आतच! मुंबईतल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसांनी संसार केलेत, हे मान्य. पण चाळीला निदान गॅलरी असते, जिना असतो, शेजारचं दार असतं. इथं दार उघडलं की पार्किंग लॉट किंवा वाळू. आणि रोज अकरा ओले टॉवेल वाळत घालायचे कुठं, हा प्रश्न वेगळाच.

सकाळी उठायचं, मिश्र धान्यांची बेचव लापशी खायची आणि पाण्यात जायचं. साखर बंद, मैद्याचे लाड बंद. प्राणी जसा जगतो तसं माणसानं जगावं, हा डॉकचा आग्रह. पुरेसं हलायचं, साधं खायचं, नीट झोपायचं. आजारी नसणं म्हणजे निरोगी असणं नव्हे, निरोगीपणा ही त्याहून वरची गोष्ट आहे, असं तो डॉक्टर असूनच सांगायचा. खरं सांगू? आजचे निम्मे वेलनेस गुरू हेच सांगून महिन्याचं पॅकेज विकतात. डॉकनं ते स्वतःच्या पोरांवर राबवलं.

गाडी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानं वर-खाली फिरायची, मेक्सिकोत जायची. जिथं लाट चांगली, तिथं मुक्काम. खिशातले पैसे संपत आले की डॉक कुठंतरी दवाखान्यात थोडे दिवस डॉक्टरकी करायचा आणि पुन्हा समुद्र. श्रीमंत व्हायचंच नाही, हे त्यानं तत्त्व म्हणून पाळलं. त्यामुळं घरात चणचण कायमची. थोरल्याचे कपडे धाकट्याला, धाकट्याचे त्याच्या धाकट्याला. शेवटच्या जोशुआपर्यंत काय पोचत असेल, देव जाणे!

आता तुम्ही म्हणाल, सर्फिंगच करायचं तर त्यासाठी एवढं टोक कशाला? नोकरी सांभाळून वीकएन्डला करावं की.

इथंच तर गंमत आहे. लाट किनाऱ्यावर तयार होत नाही. हजारो किलोमीटर लांब, भर समुद्रात कुठंतरी वादळ होतं. तिथला वारा पाण्याला ढकलतो आणि ती ऊर्जा दिवसेंदिवस प्रवास करत आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. पाणी उथळ झालं की लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढं जातो आणि ती फुटते. फुटायच्या आधीचा तो जो उतार असतो ना, त्यावर सर्फरचा सगळा खेळ. त्यातही वारा जमिनीकडून समुद्राकडं हवा, म्हणजे लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. असा वारा बहुतेकदा भल्या सकाळी मिळतो. भरती-ओहोटी वेगळी. खालची वाळू-खडक वेगळे. हे सगळं जुळून यायची वेळ मंगळवारी सकाळी साडेसहाची असू शकते आणि त्या वेळी तुमचा क्लायंट कॉल असू शकतो. समुद्र मीटिंग रीशेड्यूल करत नाही. त्यामुळं ज्याला खरोखर लाटाच हव्यात, त्याची आणि नऊ ते सहाच्या नोकरीची कधी ना कधी फारकत होतेच. जगभरच्या सर्फरांनी अर्धवेळ कामं, रात्रपाळ्या, हॉटेलातल्या नोकऱ्या पत्करल्या त्या ह्याच कारणानं. डॉकनं ते गणित फक्त अख्ख्या कुटुंबाला लावलं.

पोरांना काय मिळालं?

भरपूर मिळालं, यात वाद नाही. नऊच्या नऊ पोरं पाण्यात माशासारखी. तब्येती ठणठणीत. आई-बाप चोवीस तास नजरेसमोर. (तुमचे बाबा तुमच्या लहानपणी दिवसातून किती तास जागेपणी दिसायचे? माझे रविवारी.) एकमेकांसाठी जीव टाकणारी भावंडं. कोणताही नवा गाव, नवा किनारा, नवी माणसं यांची भीती नाही.

१९७२ साली डॉकनं कुटुंबाचा सर्फ कॅम्प सुरू केला. दक्षिण कॅलिफोर्नियातला सॅन ओनोफ्रे हा किनारा. तिथली लाट संथ, लांबवर नेणारी, नवशिक्याला सांभाळून घेणारी. लोकांनी यायचं, राहायचं, शिकायचं. शिकवायला घरचीच पोरं! अशा प्रकारच्या अगदी पहिल्या कॅम्पांपैकी हा एक. आज सर्फिंग शिकवणं हा जगभरचा धंदा झालाय. टोकियोच्या स्पर्धेपासून, म्हणजे २०२१ पासून, सर्फिंग ऑलिंपिकमध्येही आहे. व्यवस्थेतून पळून जाण्याची ज्या खेळाची ख्याती, त्याला आता राष्ट्रगीत आणि मेडल!

पोरं पुढं कुठं कुठं पोचली तेही बघा. इस्रायल, सगळे त्याला इझी म्हणतात, लांब बोर्डावरचा नावाजलेला व्यावसायिक सर्फर झाला. ॲडम ‘द फ्लाइज’ या रॉक बँडचा गायक. १९९८ मध्ये त्यांचं गाणं अमेरिकेत जोरात गाजलं. साल्वाडोर तर हॉलिवूडमध्ये लेखक. २०१५ चा ‘द एज ऑफ ॲडलाइन’ आठवतो? ब्लेक लाइव्हलीचा, वयच न वाढणाऱ्या बाईचा? त्याच्या दोन पटकथाकारांपैकी एक हा. शाळेबाहेर वाढलेला मुलगा!

इथपर्यंत वाचून राजीनाम्याचा मेल ड्राफ्ट केला असेल तर जरा थांबा. सेंड करू नका.

आणि बिल कुणी भरलं?

२००७ मध्ये डग प्रे या दिग्दर्शकानं या कुटुंबावर ‘सर्फवाइज’ नावाची डॉक्युमेंटरी केली. मी ती पहिल्यांदा बघितली ती समुद्र बघायचा म्हणून. पहिला अर्धा भाग एकदम सही. जुनी फिल्म, उन्हात रापलेली हसरी पोरं, छपरावर बोर्ड बांधलेली गाडी. मग हीच पोरं चाळिशीच्या आसपासची होऊन एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसतात आणि बोलायला लागतात. तिथून पुढं पॉपकॉर्न खाववत नाही.

कारण एक दिवस पोरं मोठी झाली. एकेक करून गाडीतून उतरली. आणि उतरल्यावर लक्षात आलं की बाहेरच्या जगात राहायला जे लागतं त्यातलं आपल्याजवळ काहीच नाही. सर्टिफिकेट नाही, नोकरी मागायची कशी ते माहीत नाही, बँक-बिल-भाडं यांची सवय नाही. एका भावाला वडिलांसारखं डॉक्टर व्हायचं होतं. चौकशी केल्यावर कळलं की त्यासाठी आधी शाळेचीच कितीतरी वर्षं भरून काढावी लागतील. स्वप्न तिथंच मिटलं.

हे मला फार लागलं. बापाजवळ स्टॅनफर्डची डिग्री होती. ती त्यानं भिरकावून दिली, पण म्हणजे ती आधी होती! पैसे संपले की तो जायचा ते डॉक्टरकीच करायला. व्यवस्था नको म्हणणाऱ्या माणसाचं घर अडीअडचणीला त्याच व्यवस्थेच्या कागदावर चालायचं. पोरांना भिरकावून द्यायलाही काही मिळालं नाही.

दुसरी गोष्ट शिस्तीची. बाहेरून बघणाऱ्याला हे बिऱ्हाड म्हणजे मस्त हिप्पी कारभार वाटायचा. आत कारभार लष्करी. काय खायचं, कधी उठायचं, कुठं जायचं, सगळं डॉक ठरवणार. वडिलांची शिस्त किती कडक होती ते मुलं कॅमेऱ्यासमोर लपवत नाहीत. थोरल्या डेव्हिडचा राग तर बघवत नाही. थोरल्याचं दुखणं आपल्याकडं वेगळं सांगायला नको. बाप नसला की तो धाकट्यांचा बाप, आणि बाप असला की पहिला बोलणी खाणार. शिवाय त्या एवढ्याशा जागेत कुणाचंच काही खासगी नाही. ना पोरांचं, ना आई-वडिलांचं. आठ भावांत एकटी वाढणारी नावा वयात येताना कपडे बदलायला कुठं जात असेल, हा प्रश्न मला पूर्ण सिनेमाभर छळत राहिला.

म्हणजे बघा, डॉकनं बॉस नको म्हणून नोकरी सोडली आणि गाडीत एक बॉस तयार झाला. फरक एवढाच की आपण आपल्या बॉसला नोटीस पीरियड देऊ शकतो. आठ वर्षांच्या पोराला ती सोय नाही.

मुलं पांगली. काही भावंडं कित्येक वर्षं वडिलांशी, एकमेकांशी धड बोलत नव्हती.

पोराला विचारलं का?

ज्या वर्षी डॉकचा कॅम्प सुरू झाला, त्याच १९७२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला. विस्कॉन्सिन राज्य विरुद्ध योडर. डॉकचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण प्रश्न सेम टु सेम. अमिश नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. शेती करणारे, मोटारी आणि आधुनिक जगापासून ठरवून लांब राहणारे लोक. त्यांच्यातल्या तीन पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायला नकार दिला. राज्याच्या कायद्यात १६ वर्षांपर्यंत शाळा सक्तीची. पालकांना पाच-पाच डॉलर दंड झाला आणि पाच डॉलरचं ते प्रकरण थेट दिल्लीत, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनमध्ये, गेलं.

कोर्टानं कौल पालकांच्या बाजूनं दिला. धर्माचं स्वातंत्र्य म्हणून. पण विल्यम डग्लस नावाच्या न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की इथं वाद पालक आणि सरकार यांच्यात चाललाय, पण आयुष्य मुलांचं आहे. त्यांना कुणी विचारलंय का? उद्या एखाद्या मुलाला पियानो वाजवायचा असेल, अंतराळात जायचं असेल, समुद्राचा शास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर? तीन मुलांपैकी फक्त एकीचं म्हणणं कोर्टासमोर आलं होतं. डग्लसनी तिच्यापुरता निकाल मान्य केला आणि बाकी दोघांना आधी विचारा म्हणून सांगितलं.

समुद्राचा शास्त्रज्ञ! डॉकच्या गाडीत नऊ जण होते ज्यांना समुद्र तोंडपाठ होता. त्यातल्या एखाद्याला तसं व्हायचं असतं, तरी रस्ता बंदच होता.

पण यार, हे लिहिताना मला एक वेगळीच खुन्नस आठवली. आपल्याला तरी कुणी विचारलं होतं? दहावीला मार्क चांगले पडले, सायन्स घे. बारावीला ग्रुप चांगला पडला, इंजिनीअरिंग घे. सकाळी साडेसहाचा क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. आपल्या आई-वडिलांजवळ डॉकसारखं स्वप्न नव्हतं, भीती होती. पोरगं मागं पडेल ही भीती. त्यांनी आपल्याला चोवीस फुटांच्या गाडीऐवजी पंचेचाळीस जणांच्या बॅचमध्ये बसवलं. दोन्हीकडं ड्रायव्हर मोठी माणसं आणि आपण मागच्या सीटवर.

तरी एक फरक आहे आणि तो मान्य केला पाहिजे. आपल्या आई-बाबांच्या रस्त्यावरून वळता येतं. इंजिनीअर होऊन नाटक करणारे, सीए होऊन बेकरी टाकणारे तुमच्याही ओळखीत असतील. कागद खिशात असला की तो फेकून देण्याची चैन करता येते. उलट दिशेनं येणं फार महाग पडतं. साल्वाडोर आणि ॲडम यांची नावं सांगताना छान वाटतं, पण ती दोघं पोचली म्हणून रस्ता सोपा होता असं होत नाही.

म्हणून आता आपल्यापैकी जे कुणी खरोखर निघणार असतील (आणि काही निघतायत, होमस्कूलिंग करणारी, गाव गाठणारी जोडपी आता पुण्या-मुंबईत नवी नाहीत), त्यांना माझा विरोध नाही. हेवा आहे. फक्त परतीचं तिकीट मुलांच्या नावावर काढून ठेवा. आपल्याकडं सोयी आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावी-बारावीच्या परीक्षा आहेत. राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, जो भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. कागद कंटाळवाणा असतो, मान्य. पण तो तुमच्यासाठी नाहीच. तुमचं पोरगं अठराव्या वर्षी ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणालं तर त्या दिवसासाठी आहे. आणि दर वर्षी, निदान वाढदिवसाला तरी, विचारा. इथं बरं वाटतंय का? शाळेत जायचंय का? उत्तर ‘हो’ आलं तर गाडी वळवायची तयारी ठेवा. ती नसेल तर आपण स्वतःची हौस पोरांच्या खर्चानं करतोय, एवढं तरी स्वतःशी कबूल करावं.

म्हातारा मात्र भारी

डॉकला खलनायक करून टाकणं सोपं आहे. पण ते जमत नाही. ऐंशी उलटल्यावरही तो बोर्ड घेऊन पाण्यात उतरायचा. २००७ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, गाझामधल्या सर्फर पोरांना बोर्ड मिळत नाहीत, दोघांत एक वापरतायत, असं त्यानं वाचलं. हा ज्यू म्हातारा उठला, डझनभर बोर्ड गोळा केले आणि इस्रायल-गाझा सीमेवर नेऊन ते पलीकडं सुपूर्द केले. आणि त्या वेळी बरोबर कोण होतं? डेव्हिड. तोच, ज्याचा राग बघवत नव्हता. त्या दोघांचं काय बोलणं झालं असेल ते असो, बाप-लेक एकत्र गेले. ‘सर्फवाइज’च्या शेवटीही सगळी भावंडं आई-वडिलांसोबत एकत्र येतात. जखमा भरल्यात असं कुणी म्हणत नाही. पण आले.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये डॉक गेला. ९३ वर्षांचा होऊन. साखर सोडायला हरकत नाही!

या सगळ्यांत मला सगळ्यात आवडलेला माणूस मात्र इझी. त्याला मुलगा झाला आणि तो लहान असतानाच त्याला ऑटिझम असल्याचं कळलं. लाटांवर राज्य करणाऱ्या बापाचा मुलगा, ज्याला आवाज, गर्दी, स्पर्श सहन होत नाही. एकदा मुलगा फार बिथरलेला असताना इझीनं त्याला बोर्डावर पुढं बसवलं आणि पाण्यात नेलं. पोरगं शांत झालं. त्यातून १९९६ मध्ये ‘सर्फर्स हीलिंग’ उभं राहिलं. ऑटिझम असलेल्या मुलांना सराईत सर्फर एका दिवसासाठी मोफत लाटांवर नेतात. किनाऱ्यावर आई-वडील श्वास रोखून उभे असतात.

इझीनं हे वडिलांकडूनच घेतलं, हे उघड आहे. तोच समुद्र, तोच बोर्ड. फक्त त्यानं आधी पोराकडं बघितलं.

‘सर्फवाइज’ मिळाली तर जरूर बघा. आई-बाबांसोबत बघितलीत तर नंतरच्या चहासाठी जरा जास्त वेळ हाताशी ठेवा. मी ठेवला नव्हता, तरी आमचा चहा रात्री दीडपर्यंत चालला. दहावीनंतरच्या सायन्सपर्यंत विषय गेला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘विचारायला पाहिजे होतं, खरंय.’

त्यांना तरी कुणी विचारलं होतं?